भिकनरावांची चप्पल आणि माझी जोडवी

सोमवार, ७ एप्रिल

पायात पिन घुसली होती आणि मला पत्ता नव्हता, म्हणून हे लिहिणं आलं. नाहीतर रोजनिशी लिहिण्याइतकी मी रिकामी नाही.

मोनिका पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आई, तुम्ही चालता तेव्हा फरशीवर टकटक काय वाजतं?" सुनेला म्हटलं, तुझेच कान वाजताहेत. मग ह्यांनीही पेपर खाली केला. "वाजतंय गं." पाय वर करून बघितला तर टाचेत नोटिसबोर्डाची पिन! ह्यांनी पकडीने उपटली. मला काही जाणवलं नाही. उपटतानासुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, साखरेने नसा गेल्या. "आता पाय दुखून सांगणार नाहीत. तुम्हीच रोज बघायचं आणि लिहायचं." शिवाय गारखेड्याला असल्याच पायांच्या माणसांचा गट भरतो, तिथे जायचं. शिवाय उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारच्या बोटाला सूज आहे, तेव्हा जोडवी काढायची.

लिहीन. जाईन. जोडव्यांचं बघू.

मंगळवार, ८ एप्रिल

पाय पाहिले. दोन्ही आहेत.

बुधवार, ९ एप्रिल

गट समाजमंदिरात भरतो. चालवणारी मेघा, फिजिओथेरपिस्ट, वयाने माझ्या मुलीसारखी. प्रत्येकाला एक आरसा दिला. पाण्याची ऊब कोपराने बघायची, पाय भिजवायचे, पुसायचे, तेल लावायचं. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. मग जोड्या पाडल्या — स्वतःचा तळवा नीट दिसत नाही, म्हणून एकाने दुसऱ्याचा बघायचा.

इथे सगळा घोटाळा. दुसऱ्याचा पाय हातात घेतला की आमची माणसं आधी नमस्कार करतात! ज्याचा पाय, तो संकोचून उलट नमस्कार करतो. देवगाव रंगारीच्या सरूबाईंनी तर समोरच्या बाईला आशीर्वादही दिला. पाय राहिले बाजूला. शेवटी मी उठून सांगितलं, "नमस्कार बंद. इथे कोणी कोणाचं मोठं नाही." पाटबंधारे खात्यात माझ्या हाताखाली कारकुनांची फौज होती, आवाज अजून शाबूत आहे. मेघाने विचारलं, गटप्रमुख कोण होईल? कोणी तोंड उघडायच्या आत मी झाले.

माझा जोडीदार भिकनराव. वेरूळकडचे, जन्म मेंढरांमागे गेला, आता इथे लेकाकडे राहतात. पाय देईनात. "बायामाणसाच्या हातात पाय दिऊ? पाप लागंल बाई." म्हटलं, मी बाईमाणूस नाही, गटप्रमुख आहे. दिला. तळव्याला भेगा अशा की नाणं बसेल. आणि गृहस्थ आले होते अनवाणी!

बुधवार, १६ एप्रिल

भिकनरावांच्या अनवाणीपणाचा उलगडा झाला. नात अक्षदा पोलीस भरतीला बसते आहे. ती भरती होईपर्यंत पायात काही घालायचं नाही, असा नवस घृष्णेश्वराला बोलले आहेत. हे तिसरं वर्ष. पोरगी दर वेळी धावण्यात मागे पडते.

मी त्यांना सर्वांसमोर चांगलं झापलं. "धावायचंय तिने, आणि पाय तुमचे फाटताहेत. देवाला तुमच्या चपलेचं काय करायचंय?"

भिकनराव माझ्या पायाकडे बघत शांतपणे म्हणाले, "मंग बाई, तुमच्या जोडव्याचं त्येला काय करायचंय?"

सरूबाई तोंडाला पदर लावून हसल्या. मी म्हटलं, निघत नाहीत, सूज आहे.

साबण लावला की निघतात. लावलेला नाही.

शनिवार, १९ एप्रिल

डॉक्टर. जोडव्याखाली जखम आहे. स्पष्ट म्हणाले, "जोडवं काढणार नसाल तर बोट काढावं लागेल. ठरवा."

घरी सांगितलं नाही. पण मी बाहेर पडल्यावर हे डॉक्टरांकडे आत डोकावून आले होते.

रविवार, २० एप्रिल

हे म्हणाले, "काढ की. मी बसलोय ना समोर जिवंत."

"तुमच्यासाठी नाही घातलेली."

"बरं, मग उजवंच काढ. मला अर्धंच काहीतरी होईल."

असल्या विनोदांवर मी हसत नाही. दिवाळीआधी ह्यांच्या छातीत दोन स्टेंट घातल्या. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये, वाकून पायातली जोडवी घट्ट धरून बसले होते, डॉक्टर बाहेर येईपर्यंत. समाजशास्त्रात एम. ए. आहे मी. ऑफिसातल्या पोरींना अंधश्रद्धेवर भाषणं दिली आहेत. कॉरिडॉरमध्ये त्यातलं एक वाक्य आठवलं नाही. आणि ह्यांना डॉक्टरांनी वाचवलं हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी जोडव्याला हात लावला की तो मागे येतो.

बुधवार, २३ एप्रिल

भिकनरावांशी तह केला. जोड्यांनी एकमेकांचे पाय बघून मेघाला सांगायचं असतं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही माज्या भेगा बघू नका, मी तुमचं बोट बघत नाय."

मेघाने विचारलं. मी म्हटलं, भिकनरावांचे ठीक. ते म्हणाले, बाईंचे एकदम झ्याक.

मेघा खूश झाली. बाकीच्यांना म्हणाली, ही जोडी बघा, शिका काही.

शनिवार, २६ एप्रिल

बोट जांभळं. मोज्याला डाग. मोजा मोनिकाच्या हाती लागायच्या आत धुतला.

बुधवार, ३० एप्रिल

भिकनराव आले नाहीत. मेघा म्हणाली, पाय भाजलेत, डॉक्टर रोज घरी येऊन पट्टी बदलतात. गट संपल्यावर थेट त्यांच्या घरी गेले.

खाटेवर आडवे, दोन्ही पायांना पट्ट्या. रविवारी भर दुपारी वेरूळला गेले होते. मंदिराच्या आवारातली दगडी फरशी तव्यासारखी तापलेली. "समदी माणसं चटके बसून उड्या मारीत व्हती बाई. मी एकटाच ताठ हुबा. मला वाटलं, देव पावला!" हात जोडून बराच वेळ उभे राहिले. घरी आल्यावर अक्षदाला सतरंजीवर कातडी दिसली.

मला हसू आलं. मग आलं ते हसू नव्हतं. मी 'ठीक' सांगितलं नसतं तर मेघाने भिकनरावांना त्या फरशीवर जाऊच दिलं नसतं.

अक्षदा चहा घेऊन आली. "मी कवाची सांगतेय, आबा, माझं पळणं मी बघते. तुम्ही चप्पल घाला."

"नवस मोडला तर?"

"तर मी पोलीस नाय होणार. पाय गेल्यावर तुम्हाला उचलून कोण नेणार, ते सांगा." ती आत गेली.

भिकनरावांनी मला बोट दाखवायला सांगितलं. मी नाही म्हणाले. म्हणाले, "जोडीदार हाय मी तुमचा. कागदावर हाय." मोजा काढला. ते बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, मालकाच्या जीवाचं भ्या वाटतं व्हय?"

व्हय, म्हटलं. माझ्या तोंडून व्हयच आलं.

"मंग असं करू. मी चप्पल घालतो. देवाला सांगतो, पाटबंधारे खात्याच्या बाईनं जबरदस्तीनं घालाय लावली. तुमाला बघून त्येचाबी इस्वास बसंल. आन् तुमी जोडवी काढा. वर कुणी इचारलं तर सांगा, भिकननं काढाय लावली. त्यो काय माजं करंल? पाय तर आदीच भाजलेत."

मी विचार केला. प्रशासकीयदृष्ट्या यात खोट दिसत नव्हती. जबाबदारी दुसऱ्याच्या टेबलावर सरकवणं मी आयुष्यभर बघत आले, पण दोघांनी एकाच वेळी एकमेकांकडे सरकवलेली पहिल्यांदा पाहिली.

जाताना मी त्यांच्या पायांना हात लावून नमस्कार केला. पट्टीवरून, हलकेच. ओरडले, "बाई, नमस्कार बंद हाय ना!"

शुक्रवार, २ मे

हॉस्पिटल. उजवं जोडवं नर्सने कातरीने कापलं. डावं मी स्वतः काढलं, साबण लागला नाही.

दिलं ते असं —
जोडवी दोन, एक अखंड, एक कापलेलं: ह्यांच्या हातात.
बोटाचं वरचं पेर: डॉक्टरांना. बाकीचं बोट माझ्याकडे.
दोष: भिकनरावांना, ठरल्याप्रमाणे.

हे शर्टाच्या खिशावर हात ठेवून बाहेर बाकावर घोरताहेत. नर्स उठवायला निघाली होती. म्हटलं, घोरू दे.