कर्ता नसलेली तीन वाक्यं

तळवडे
रविवार, दुपार

प्रिय वर्षाली,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र फाडणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहायला बसलेय. तुझा पत्ता तू इथं ज्यांच्याकडं भाड्यानं राहायचीस त्या सुमनताईंनी दिला. देताना म्हणाल्या, "फोन उचलत नाही ती, मग पत्र तरी कशाला उघडेल?" मी म्हटलं, उघडेल. अडीच वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्लाय आम्ही. तू अहमदपूरला आईकडं आहेस, डाव्या हातानं लिहायला शिकलीस आणि गल्लीतल्या पोरींचा अभ्यास घेतेस, हेही त्यांनीच सांगितलं. हे ऐकून मी त्यांच्या ओट्यावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही.

इकडचं सांगते. कंपनीची बस अजून पावणेसहालाच येते आणि चाकणच्या चौकात अजून तशीच अडकते. कँटीनवाला बदलला, वरणाला आता चव आहे. तू गेल्यावर सहा महिन्यांनी मला लाइन लीडर केलं. हातात टॅब आला, गळ्यात वेगळ्या रंगाचं कार्ड आलं आणि त्याबरोबर इंग्रजी मेल आले. पहिल्याच आठवड्यात मी एका गिऱ्हाईक कंपनीला लिहिलं, 'यू मस्ट सेंड द ड्रॉइंग टुडे.' तिकडून आमच्या साहेबांना फोन आला, की ह्या जयमाला मॅडम कोण, मालकांच्या घरातल्या आहेत का? सगळं ऑफिस हसलं. मीही हसले, पण घरी येऊन ठरवलं, आता शिकायचं. कासारवाडीला शुभदा मॅडम म्हणून आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. रविवारी सकाळी त्या आपल्या हॉलमध्ये कंपनीत काम करणाऱ्यांना इंग्रजी शिकवतात. तिथं जायला लागले.

वर्षाली, तू असतीस तर तुला फार आवडलं असतं. मॅडम फळ्यावर डावीकडं लिहायच्या आय, यू, ही, शी, वुई, दे. उजवीकडं कॅन, कुड, मे, मस्ट, शुड, विल. मग म्हणायच्या, डावीकडचा एक घ्या, उजवीकडचा एक घ्या आणि कालच्या दिवसातलं खरं वाक्य करा. तळवड्याच्या आयटी पार्कच्या गेटवर नवनाथ म्हणून सिक्युरिटीवाले आहेत, ते वर्गात माझ्या शेजारी बसतात. त्यांनी सांगितलं, बाहेरून आलेल्या एका मोठ्या साहेबाला मी आदरानं म्हटलं, 'यू मस्ट सिट', तर तो बिचारा घाबरून अर्धा तास जागचा हलला नाही. मॅडम डोळे पुसत हसल्या. मग समजावलं, की 'मस्ट' लावला की हुकूम होतो, 'कुड यू' म्हटलं की विनंती होते, 'मे आय' म्हटलं की परवानगी मागितली जाते. आणि गंमत म्हणजे माणूस कुणीही असो, तो 'कॅन' बदलत नाही. आय कॅन, शी कॅन, दे कॅन. साहेबाला जो कॅन, तोच मला. मला हे इतकं आवडलं, की बसमध्ये मी मनातल्या मनात म्हणत राहायचे, आय कॅन, आय विल.

पण एक गोष्ट मला त्याहून जास्त लागली. आपल्याकडं माणूस सांगितला नाही तरी वाक्य पुरं होतं. करायला हवं. झालं पाहिजे. जमणार नाही. आपला सुपरवायझर ज्योतीराम रोज सकाळी काय म्हणायचा आठव. "चारशे पीस निघाले पाहिजेत." कुणी काढायचे, ते त्याला सांगावं लागायचं नाही. इंग्रजीत तसं भागत नाही, आधी कोण ते सांगायला लागतं. मी एकदा मॅडमना विचारलं, की नोटीस बोर्डावर 'वुई मस्ट फिनिश' लिहिलेलं असतं, त्यातला वुई म्हणजे आपण की आम्ही? त्या म्हणाल्या, "इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे. लिहिणारा स्वतःला त्यात धरतो का, ते तुम्ही बघायचं."

आता मुद्द्याचं लिहिते. जानेवारीत कंपनीत ऑडिट होतं आणि सेफ्टीच्या फायली लावायचं काम माझ्याकडं आलं. त्यात तुझ्या अपघाताचा रिपोर्ट होता. पहिल्या पानावर तुझं नाव, उजव्या हाताच्या दोन बोटांचं वर्णन, आणि शेवटच्या पानावर साक्षीदाराचा जबाब. खाली माझी सही. तो कागद तुझ्या भावानं गावातल्या मास्तरांकडून वाचून घेतला होता, एवढं मी आधी ऐकलं होतं. म्हणजे माझ्या सहीच्या वर इंग्रजीत काय लिहिलंय, ते तुला माझ्याआधी वर्षभर माहीत होतं. फोन का उचलत नव्हतीस ते मला त्या दिवशी, फाइल हातात धरून, कळलं.

तीन वाक्यं होती. 'शी शुड हॅव स्टॉप्ड द मशीन. शी मस्ट हॅव रिमूव्हड द गार्ड. वुई कुड नॉट हॅव प्रिव्हेंटेड इट.' मी ती वहीत उतरवून घेतली आणि रविवारी मॅडमपुढं ठेवली, कसली आहेत ते न सांगता. त्यांनी एकेक उलगडून दाखवलं. तिनं मशीन बंद करायला हवं होतं, पण केलं नाही. दुसऱ्यातला मस्ट हुकमाचा नाही, अंदाजाचा आहे, म्हणजे मशीनमध्ये हात जाऊ नये म्हणून लावलेलं गार्ड तिनंच काढलं असणार. तिसऱ्यात, आम्हांला ते टाळता आलंच नसतं. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "जयमाला, ही शी कोण?"

मी म्हटलं, "माझ्या लाइनवरची मुलगी."

"आणि तुम्ही तिथं होता?"

"होते."

"मग ह्यात आय कुठं आहे?"

मी वहीतल्या त्या पानाकडं बघत बसले. अपघाताच्या दिवशी एचआरच्या प्राजक्ता मॅडमनी मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि काय झालं ते विचारलं. मी मराठीत तीनच वाक्यं बोलले होते. मशीन बंद करायला हवं होतं. गार्ड काढलेलं होतं. काही करता आलं नाही. तिन्हींत कर्ता नाही. त्यांनी टाइप करताना 'कुणी?' असं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही. रिकाम्या जागी त्यांनी तुला बसवलं. त्या कागदावर तुझीच चूक ठरली आणि तुला कामावरून कमी केलं.

मी दिवाळीनंतर आलेल्या प्लांट हेडना, प्रभाकर सरांना, इंग्रजीत पत्र लिहिलं. आठ ओळी लिहायला तीन रविवार लागले. मॅडमनी स्पेलिंग तपासलं, एक शब्दही स्वतःचा घातला नाही. 'आय वॉन्ट टु चेंज माय स्टेटमेंट' इथून सुरुवात केली. सरांनी बोलावलं, पत्र पुढं धरून म्हणाले, "हे कमिटीपुढं बोलू शकाल?" मी म्हटलं, "आय कॅन, सर. आय विल."

गेल्या गुरुवारी कमिटी बसली. सर होते, प्राजक्ता मॅडम होत्या, युनियनचे दोघे होते आणि ज्योतीराम. मी उभी राहून सांगितलं, की त्या मशीनचा, प्रेसचा, सेन्सर आठ दिवस बिघडलेला होता, गार्ड लावलं की मशीन सारखं थांबायचं, आणि सुपरवायझरनी गार्डशिवाय चालवायला सांगितलं होतं. ज्योतीराम उसळला. "मी काय हुकूम सोडला का? चालवता येतंय, एवढंच म्हणलो. चालवायलाच पाहिजे असं कधी म्हणलो?"

मी त्याच्याकडं बघून बोलले. "भाऊ, तुम्ही चालवता येतंय म्हणाल्यावर, लाइनवरच्या बाईला चालवणार नाही म्हणता येतं का?"

युनियनच्या एकानं मान खाली घातली. सरांनी जुना रिपोर्ट मागवला आणि पहिल्या आणि तिसऱ्या वाक्यावर स्वतःच्या हातानं रेघ मारली. त्या जागी आता लिहिलंय, 'वुई शुड नॉट हॅव रन द प्रेस विदाऊट द गार्ड.' मी तिथंच विचारलं, की ह्या वुईमध्ये कंपनी आहे ना? सर म्हणाले, "आहे. सगळ्यात आधी कंपनी." ते त्यांनी बैठकीच्या मिनिट्समध्ये लिहून घेतलं. चारही प्रेसचे सेन्सर शुक्रवारी बदलले. आता गार्ड नसेल तर प्रेस खालीच येत नाही, मी स्वतः तीनदा तपासलं. तुला कामावरून कमी केल्याचा आदेश रद्द झालाय. क्वालिटीच्या केबिनमध्ये तपासणीच्या कामावर तुला परत घ्यायचं ठरलंय, तसं पत्र ह्या आठवड्यात रजिस्टर पोस्टानं येईल. यायचं की नाही ते तुझं तू ठरव, घाई करू नकोस.

त्या पत्रासोबत नवा रिपोर्टही येईल, आणि त्यातल्या दुसऱ्या वाक्यासाठी मी आज लिहायला बसलेय. सरांनी पहिलं आणि तिसरं खोडलं आणि विचारलं, मग गार्ड काढलं कुणी? ज्योतीराम माझ्याकडं बघत होता. वर्षाली, त्या दिवशी सकाळी त्या प्रेसवर मी होते. तो चालवता येतंय म्हणाला आणि पाना आणून दोन बोल्ट मी सैल केले, गार्ड मी उतरवून भिंतीला टेकवलं. अकरा वाजता मला पॅकिंगला बोलावलं आणि तू माझ्या जागेवर आलीस. गार्ड नाही हे तुला दिसेलच, असं म्हणून मी काही न सांगता गेले. खुर्चीत बसून 'गार्ड काढलेलं होतं' म्हणाले, तेव्हा मला नोकरीची भीती होती. इंग्रजी येत नव्हतं हे खरं, पण मराठी तर येत होतं. गुरुवारी सरांना मी तिथल्या तिथं सांगितलं, 'आय रिमूव्हड द गार्ड.' लीडरचं कार्ड त्याच दिवशी परत दिलं, उद्यापासून मी पुन्हा प्रेसवर आहे. त्याचं मला वाईट वाटत नाही, आणि तू माफ करावंस म्हणूनही हे लिहीत नाही. फक्त तो कागद पुन्हा मास्तरांकडं जाईल, ते वाचतील, आणि हे तुला त्यांच्या तोंडून कळेल, ते मला नको होतं. म्हणून त्याच्याआधी, माझ्या हातानं, मराठीत सांगते. गार्ड मी काढलं होतं.

तुझीच,
जयमालाताई