तुमचं घर तळ्यात नाही, मामा

मामा, काही एक विकायचं नाही! समोर दलाल बसला असेल तर त्याला आत्ताच्या आत्ता उठवा. (नमस्कार करते. गुडघा कसाय? मामींचा खोकला? दोन्ही बरे असणार असं धरून चालते, कारण मला भांडायचंय.)

पेपरात आलेला तो जमिनीच्या ओलीचा नकाशा आमच्याच ऑफिसचा. तो बघून 'आपलं घर पाण्यात' म्हणून तुम्ही हाय खाल्लीत, पण सख्ख्या भाचीला एक फोन नाही! ऐका. आकाशातून घेतलेल्या त्या चित्रात अख्ख्या गावाचे बारीक बारीक चौकोन असतात. प्रत्येक चौकोनाला ओलीचा एक आकडा. ठणठणीत कोरडं म्हणजे शून्य, निव्वळ पाणी म्हणजे एक, आणि तुम्हीआम्ही राहतो ते मधल्या दशांशांत. ज्या आकड्याचे जितके चौकोन, तितका उंच खांब, असा हिस्टोग्राम काढायचा. मी शून्य ते एकच्या मधे छान बारीक कप्पे पाडले होते. खांबांची काय सुरेख टेकडी आली होती, मामा! पण आमचे साहेब (ऑफिसात नाव 'राउंड फिगर', गेली कित्येक वर्षं वय पन्नासच सांगतात) म्हणाले, "हे पॉइंटबिइंट कशाला? पूर्णांक कर." म्हटलं, "साहेब, मग दोनच खांब उरतील." तर म्हणे, "उत्तम! सुटसुटीत!" आणि माझ्या नाकावर टिच्चून स्वतःच बटण दाबलं. झालं! नकाशात अर्धं गाव वाळवंट, अर्धं गाव तळं. तुमचा आकडा होता पॉइंट बावन्न, शेजारच्या वकिलाचा पॉइंट अठ्ठेचाळीस. मधे एक सामाईक भिंत. तरी तो वाळवंटात आणि तुम्ही बुडालात! वर तो गॅलरीतून विचारतो, "काय, मासे लागले का?" आणि तुम्ही मान खाली घालून आत जाता. (मामींनी सांगितलं.) अहो, त्या दलालाच्या आडून घर घेतोय कोण? तोच वकील! तळं विकत घ्यायची त्याला एवढी घाई का, हा साधा प्रश्न पडला नाही तुम्हाला?

तुमची (चिडलेली) भाची

ता. क. हे सगळं मी साहेबांना भर मीटिंगमध्ये सुनावलं. नोकरी गेली. ऑफिसने दिलेली खोलीही गेली.

ता. ता. क. तर मुद्दा असा, की घर विकलंत तर मी राहायचं कुठे? माडीवरची खोली झाडून ठेवा. खालची नको, तिथे ओल येते. आणि 'नको-बिको' म्हणायला फोन करू नका, बंद करतेय. हे पत्र पोचेल त्याच्या मागोमाग मी येतेच. गाडी लागली. निघाले!