सोलकढी नावाचं वायफाय

अलोरे, ता. चिपळूण
मे महिना, बुधवार

आदरणीय साडूभाऊ रावजीराव यांच्या सेवेशी,

अलोऱ्याहून आत्मारामचा वाकून नमस्कार. तुमचा दमा, तुमच्या दारचा रायवळ आंबा आणि बुरोंडीचा समुद्र सगळे आपापल्या मर्यादेत असतील अशी आशा करतो. तुळसाक्का ठणठणीत असणारच (आजारपण त्यांच्या वाटेला जायला घाबरतं, हे तुम्हीच मला एकदा हळू आवाजात सांगितलं होतंत). माझं म्हणाल तर साखर ताब्यात आहे, गुडघा ताब्यात नाही, आणि मन हल्ली कुठे असतं ते विचारू नका. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर आमच्याकडे जे घडलं ते कोणी तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचवण्याआधी मूळ प्रत तुमच्या हाती असावी, म्हणून हा खटाटोप.

तुमच्या मेहुणीला जाऊन आता पाच वर्षं झाली. तेव्हापासून आमची लेक मृणाली बंगळूरहून रोज संध्याकाळी फोन करते. पण आमच्या डोंगराच्या पायथ्याशी रेंज अशी, की तिच्या कानावर ‘हॅलो’ जाई आणि पुढचं सगळं बोलणं करवंदीच्या जाळीत अडकून बसे. शेवटी तिने परस्पर चिपळूणला सांगून घरात वायफाय बसवून घेतलं. ते बसवायला नितेश नावाचा माणूस आला, माजघराच्या भिंतीवर शिंगं असलेला एक डबा ठोकला आणि म्हणाला, ‘काका, यातून दोन नेटवर्क येतात. एक जरा हळू चालतं पण भिंतीपलीकडे जातं. दुसरं जोरात पळतं, पण भिंत आली की थकतं.’ मी जलविद्युत प्रकल्पाच्या वीजघरात फोरमन होतो, डोंगराच्या पोटात उतरून वीज काढण्यात माझी हयात गेली. मला हे पटेना. पण आमच्या भिंती जांभ्या चिऱ्याच्या, हातभर जाड. ते पळणारं नेटवर्क खरंच माजघराबाहेर पडलं नाही. जावई पहिल्यांदा आल्यावर बसतो तसं ते एकाच खोलीत अवघडून बसून राहिलं. हळू चालणारं मात्र पडवी, अंगण, दगडी कुंपणाचा गडगा सगळं ओलांडून रस्त्यापर्यंत गेलं. पासवर्ड नितेशने आपल्या सोयीने एकपासून आठपर्यंतचे आकडे ठेवला होता. मला तो सोपा आणि सुटसुटीत वाटला. दुर्दैवाने तो सगळ्यांनाच तसा वाटला.

पुढच्या आठवड्यापासून संध्याकाळी आमच्या गडग्यावर माणसं येऊन बसू लागली. आधी वाडीतले दोघे-तिघे, मग त्यांचे मुंबईहून सुट्टीवर आलेले भाऊ, मग त्या भावांची सासुरवाडी. मला भरून आलं, रावजीराव. मला वाटलं, एकटा म्हातारा आहे, चार गोष्टी बोलू, म्हणून येतात. मी रोज पातेलंभर चहा ठेवू लागलो आणि त्यांना १९९७ साली तिसऱ्या टर्बाइनमध्ये काय बिघाड झाला होता ते सविस्तर सांगू लागलो. माणसं खाली मान घालून ऐकत. किती नम्र मंडळी, असं मी मृणालीला सांगितलं. मग एका संध्याकाळी लाइट गेली, तशी ती नम्र मंडळी एकदम उठली आणि चहा अर्धा टाकून आपापल्या घरी गेली. टर्बाइन अजून उघडायची होती.

शेजारच्या गोदाबाई तेव्हा त्यांच्या अंगणात होत्या. (तुम्हाला त्या आठवत असतील. प्रकल्पाच्या दवाखान्यात नर्स होत्या. तुमच्या मेहुणीच्या शेवटच्या आजारात रात्ररात्र त्या उशाशी बसल्या होत्या. त्यांचे यजमान त्याच्या कितीतरी आधी गेलेले. पूर्वी मी त्यांना गोदाताई म्हणत असे, ते हल्ली बंद केलं आहे.) त्या म्हणाल्या, ‘फोरमन, ती माणसं तुमच्यासाठी नाय येत. तुमच्या डब्यासाठी येतात.’ मी म्हटलं, ‘कोण म्हणतं?’ त्या म्हणाल्या, ‘मी म्हणते. मी पण तोच डबा वापरते. आमच्या मागच्या पडवीत तो जरा कमी येतो, तेवढं बगा.’

हे मृणालीला कळलं तेव्हा तिने माझी शाळा घेतली. कोणीही आत शिरलं की तुमच्या नावावर काय वाटेल ते करेल, बाबा, आणि पोलीस तुमच्या दारात येतील. मग तिने मला कुलपांचे प्रकार सांगितले. डब्ल्यू ई पी म्हणून एक जुनं कुलूप होतं, ते आता घराला सुतळी बांधण्याइतकंच उपयोगाचं. त्यानंतर डब्ल्यू पी ए आलं. त्यातलं दोन नंबरचं आजही चांगलं, पण पासवर्ड लांब हवा, नाहीतर लोक अंदाजाने हजारो शब्द घालून बघतात. तीन नंबरचं सगळ्यात पक्कं. फक्त जुन्या फोनना ते ओळखताच येत नाही. मी अर्थातच तीन नंबर मागितला (फोरमनने हलकं कुलूप का घ्यावं). तो लावला आणि संध्याकाळी गोदाबाई आपला फोन घेऊन दारात. त्यांचा फोन बंद पडल्यासारखा झाला होता. त्यांचा फोन जुना, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी मृणालीला लगेच विचारलं की दोन आणि तीन दोन्ही चालतील असं काही करता येतं का. ती म्हणाली, येतं, पण कशासाठी? मी म्हटलं, आपला टीव्ही जुना आहे. ती म्हणाली, ‘बाबा, तो टीव्ही मी दिवाळीत घेतलाय.’ मी लाइन कट झाल्यासारखं केलं.

आता पासवर्ड. मृणालीचं म्हणणं, नाव नको, जन्मतारीख नको, एक सबंध वाक्य घ्या. कोणाच्या मनात येणार नाही असं, आणि तुम्ही कधी विसरणार नाही असं. इंग्रजी अक्षरांत लिहा, मध्ये जागा सोडू नका. मी दोन दिवस विचार केला. जी गोष्ट मी विसरणार नाही आणि जी कोणाला माहीत नाही, अशी माझ्या आयुष्यात सध्या एकच होती. ती मी टाकली आणि फार दिवसांनी मला स्वस्थ झोप लागली. गडगा ओस पडला. चहापत्ती वाचली. गोदाबाईंच्या फोनमध्ये पासवर्ड मी स्वतःच्या हाताने घातला, त्यांना दाखवला नाही.

राहिली त्यांची मागची पडवी. तिथे रेंज पोचावी म्हणून मी नितेशला परत बोलावलं आणि आणखी एक छोटा डबा आमच्या मागच्या वळचणीला लावायला सांगितला. (त्याला मी आमच्या मागच्या पडवीचं कारण दिलं. आमच्या मागच्या पडवीत फक्त नारळ असतात.) नितेश शिडीवर चढला. मी माजघरात मोठ्या डब्यापाशी, कारण त्याची पिन ढिली झालेली आणि नितेशने सांगितलेलं, ‘बोटाने दाबून धरा काका, सोडलीत तर पहिल्यापासून करायला लागेल.’ तेवढ्यात तो शिडीवरून ओरडला, ‘पासवर्ड सांगा.’

मी म्हटलं, इकडे ये, कानात सांगतो. तो म्हणाला, ‘मी शिडीवर आहे.’ मी म्हटलं, मग राहू दे. तो म्हणाला, ‘मग परत पुढच्या महिन्यात.’ साडूभाऊ, माणसाच्या आयुष्यात असा क्षण येतो की बोट पिनेवर असतं आणि अब्रू शिडीवर. मी अक्षरं सांगायला लागलो. मला वाटलं, इंग्रजी अक्षरं सुटी सुटी कोणाला कळणार?

‘जी, ओ, डी, ए.’

‘गोदा,’ नितेश मोठ्याने म्हणाला. ‘पुढे?’

‘सी, एच, वाय, ए.’

‘गोदाच्या. पुढे?’

मी त्याला जुळवून वाचू नकोस म्हणून सांगितलं. तो म्हणाला, ‘जुळवलं नाही तर चूक होते काका, हे लांबलचक दिसतंय.’ मग ‘हातची’ झालं. मग शेवटचा शब्द. नितेशने सबंध पासवर्ड एकदा खात्रीसाठी वाचला, ‘गोदाच्या हातची सोलकढी. बरोबर?’ मी पिनेवर बोट ठेवून, बरोबर म्हटलं.

वाडी इतकी शांत मी लाइट गेल्यावरसुद्धा ऐकलेली नाही. गोदाबाई त्यांच्या अंगणात कोकमं वाळत घालत होत्या. खिडकीतून मला त्यांची पाठ दिसत होती. त्या बराच वेळ एकच कोकम उलटंसुलटं करत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर आमच्या नेटवर्कचं नावच बदललेलं. ‘सोलकढी’. झालं असं, की पासवर्ड वाडीभर गेला, कोणी उपद्व्यापी आत शिरला, आणि डब्याच्या आतल्या खोलीचं, म्हणजे सेटिंगचं, कुलूप तर कारखान्यातून आलं तसंच, नाव अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिन. ते बदलायचं असतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं (मृणाली म्हणते, सांगितलं होतं). दुपारी रस्त्यावर पुण्याची एक गाडी थांबली. त्यांच्या फोनवर नाव दिसलं म्हणून ती कुटुंबासकट अंगणात येऊन उभी. ‘सोलकढी इथेच मिळते ना?’ मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तोवर गडग्यापलीकडून गोदाबाई म्हणाल्या, ‘मिळते. बसा. भात पण हाय.’ ती मंडळी जेवली, दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि जाताना त्यातल्या आजीबाई मला म्हणाल्या, तुमच्या मिसेसच्या हाताला फार चव आहे. मी गोदाबाईंकडे पाहिलं. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. मीही केली नाही. रावजीराव, मी त्या दिवशी विनाकारण विहिरीला तीन प्रदक्षिणा घातल्या.

संध्याकाळी त्या स्वतः आल्या. पडवीच्या पायरीवर बसल्या. म्हणाल्या, ‘फोरमन, तो पासवर्ड आता काय कामाचा नाय. बदला.’ मी म्हटलं, ‘बदलतो. काय ठेवू?’ त्या म्हणाल्या, ‘ते यापुढे मला विचारून ठेवायचं.’ मग आम्ही दोघांनी बसून एक वाक्य ठरवलं. ते मी तुम्हाला सांगणार नाही, तुम्ही साडू असलात तरी. वाडीसाठी मृणालीच्या सांगण्यावरून ‘पाहुणे’ नावाचं वेगळं नेटवर्क काढून दिलं. त्यात शिरलेल्याला आमच्या घरातलं काही दिसत नाही. आतल्या खोलीचं कुलूपही बदललं. मृणालीला सगळी हकीगत मी आडवळणाने सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘पासवर्ड चांगला निवडला होतात, बाबा. आई पण त्यांच्याच हातची मागायची.’ आणि तिने फोन ठेवला. नंतर मी बराच वेळ डोळे पुसत होतो आणि मध्येच हसत होतो.

तर असं आहे. बाकी सर्व क्षेम. तुम्हा उभयतांना पुन्हा एकदा नमस्कार.

तुमचा,
आत्माराम

ता. क. तुमच्या घरच्या डब्याचा पासवर्ड कारखान्याचाच असेल तर तो आधी बदला.

ता. क. २. खरं काम लिहायचं राहिलं. मी आणि गोदाबाई लग्न करायचं म्हणतो आहोत. हे तुळसाक्कांना तुम्ही सांगावं अशी हात जोडून विनंती. त्यांच्या धाकट्या बहिणीची जागा आहे, त्यांना काय वाटेल, हाच विचार मी दिवसभर करतो. मला स्वतःला फोनवर सांगायचं धाडस नाही, आणि तुमचा फोन त्या स्पीकरवर टाकून ऐकतात. जेवणानंतर सांगावं. मासे कापताना सांगू नये. त्या नको म्हणाल्या, तर मला तसं स्पष्ट कळवा.

ता. क. ३. पाकीट चिकटवलं होतं, ते परत फाडून हे लिहितो आहे. आताच गोदाबाई येऊन गेल्या. त्यांच्या मागच्या पडवीत रेंज आल्यापासून त्या आणि तुळसाक्का रोज दुपारी व्हिडिओवर बोलतात. तुळसाक्का आधी रडल्या, मग म्हणाल्या की हे तीन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं. तारीख ठरली आहे, साड्या ठरल्या आहेत, मृणालीचं तिकीटसुद्धा काढून झालं आहे. तेव्हा तुम्ही अक्कांना काही सांगू नका. सगळ्यांना कळवून झालं होतं, फक्त तुम्ही आणि मी राहिलो होतो.