अकराची हजेरी

वडवाडी, ता. सेलू
२ फेब्रुवारी २०२५

चि. सिद्धोधन यास,
आक्काचा सप्रेम जयभीम.

तुझ्या लोखंडी पेटीचं कुलूप मी गेल्या महिन्यात फोडलं. विचारायला तुझा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि सोळा वर्षांत मी तो मागितलाही नाही. पण दुसऱ्याची वस्तू उघडली तर कळवायला हवं, म्हणून हे पत्र. तुझे गुडघे दुखतात असं तुझी सुकेशनी सांगत होती. बाप म्हणून तिच्यावर ओरडू नकोस, मीच विचारलं. तेल लाव, आळस करू नको.

आता ऐक. आपल्या गायरानातल्या काळविटांच्या अधिवासाचा आराखडा करायचं काम शासनानं गावाच्या जैवविविधता समितीवर टाकलं. अध्यक्ष मी. मुदत जानेवारीअखेर. आराखडा गेला नाही तर गायरान राखीव अधिवासांच्या यादीतून बाद, मग ते कुणालाही द्यायला मोकळं. काम आलं, पैसा आला नाही. वनखात्याचे साहेब म्हणाले, "बाई, खर्चाचा रकाना कोराच ठेवा. शासनाचा खर्च वाचला."

"वाचला नाही, आमच्या बायांच्या मजुरीतून गेला," मी म्हटलं, आणि तसंच लिहून दिलं. समितीच्या अकरा बाया, चार दिवस, बुडालेली कापसाची वेचणी.

पहिल्या दिवशी सगळ्यांना शाळेच्या शिस्तीत अकरा वाजता माळावर उभं केलं. रांग, शिट्टी, वह्या. दोनपर्यंत फिरलो. काळविटं दिसली तीन. शेळ्या वळणारी सरजाबाई बांधावर बसून हसायली होती.

"काय झालं गं?"

"बाई, हरणं काय तुमच्या शाळंत हायेत व्हय, अकराला हजेरी द्यायला? उन्हाचं ज्वारीत बसतेत ती. पहाटं तळ्यावर या. तुमचा भाऊ तिथंच बसायचा, लिंबाखाली."

दुसऱ्या दिवशी पहाटे लिंबाखाली बसलो. सिद्धोधन, चव्वेचाळीस! काळा मोठा नर सगळ्यांत शेवटी पाण्यावर आला, माद्यांचं पिऊन झाल्यावर. आमच्यातल्या पार्वतीबाईनं तोंडात पदर कोंबला, नाहीतर ओरडलीच असती. माझीही शिट्टी गळ्यातच राहिली.

आराखड्याला मागच्या नोंदी हव्या होत्या. कचेरीत म्हणाले, जुनी रजिस्टरं सापडत नाहीत, जबाबदारी आता तुमची. म्हणून तुझी पेटी. आत पाच वह्या. प्रत्येक पानावर वेळ: पहाटे ५.४०, ५.५५. जागा: तळं, लिंब. डिसेंबर २००८, एकेचाळीस.

हाच तो आकडा. त्याच आठवड्यात मी सातवीच्या वर्गाला घेऊन माळावर गेले होते. अकरा वाजता. तीन मोजली, आणि 'वनरक्षक घरी बसून आकडे लिहितात' असा अर्ज तुझ्या साहेबांना पाठवला. वनरक्षक माझा भाऊ आहे म्हणून सोडायचं नाही, याचा मला अभिमान होता. तुझी बदली किनवटच्या जंगलात झाली. माय गेली तेव्हा तू वेळेवर पोचला नाहीस, त्याचाही राग मी तुझ्यावरच धरला.

जाताना तू एवढंच म्हणालास, "आक्का, एक दिवस माझ्यासंग यायचं होतं."

मी चुकले.

शुक्रवारी आराखडा मंजूर झाला. गायरान यादीत राहिलं! तुझ्या पाच वह्यांमुळे राहिलं. पहिल्याच पानावर छापून घेतलंय: मागील नोंदी, वनरक्षक सिद्धोधन सूर्यभान खंदारे. साहेबांनी विचारलं, "हे कोण?" मी सांगितलं, "माझा भाऊ." किती वर्षांनी बोलले ते.

तुझी,
आक्का

सुकेशनीच्या हाती दिलं ते असं:
वह्या, मूळ, पाच.
पेटी एक, नव्या कुलपासह. किल्ल्या दोन्ही.
मंजूर आराखड्याची प्रत.
माझ्या २००८च्या अर्जाची स्थळप्रत, आणि तो अर्ज चुकीचा होता असं मी कचेरीला दिलेलं पत्र, पोचेच्या शिक्क्यासह.
शिट्टी, एक.

देणार: धम्मशीला खंदारे
घेणार: ______________
(सही केलेली पोच टपालानं पाठवू नये. स्वतः आणावी. पहाटे पावणेसहा, लिंबाखाली.)