देण्या-घेण्यातली साडी

नांदेड, ९ ऑगस्ट २०२६

तीर्थरूप माधवमामांस,
मालविकाचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम असं लिहायची सवय आहे, पण तसं नाही. फोन केला असता. पण तुमचं कानाचं यंत्र कायम सुपारीच्या डब्यात, आणि मामींना तुमच्या कानात ओरडायला लावावं असा हा विषय नाही.

परवा मला समन्स आलं. सर्वेशच्या खटल्यात २६ तारखेला माझी साक्ष आहे. त्याने लग्नाचं वचन देऊन संबंध ठेवले आणि मग तुमच्या लातूरच्या देविकाशी लग्न केलं, ही पुनमची फिर्याद तुम्हाला माहीतच आहे. तिच्या जबाबात माझंही नाव आहे. सर्वेशचे वकील सुदर्शन घरी येऊन गेले. त्यांचं म्हणणं, पोलिसांना सांगितलंत तेवढंच सांगा: भावाच्या ऑफिसातली मुलगी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली, पाहुणी म्हणून खण-नारळ दिला. सर्वेश म्हणतो की ताई, दोघंही सज्ञान होतो, तिची संमती होती, यात गुन्हा कुठला?

तुम्ही चौतीस वर्षं कोर्टात साक्षी लिहून घेतल्यात. संमती असल्यावर कोर्ट आणखी काय बघतं?

मामींना नमस्कार. लोभ आहेच, या पत्राने तो उणा होऊ नये.

आपली,
मालू


लातूर, १३ ऑगस्ट २०२६

चि. सौ. मालविकास,
माधवमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. यंत्र सुपारीच्या नाही, लवंगांच्या डब्यात असतं. साक्षीदाराने तपशील नीट द्यावा.

संमती होती एवढ्याने भागत नाही. ती कशाच्या भरवशावर दिली, हे कोर्ट बघतं. वचन देताना लग्न करायचं खरंच मनात होतं आणि पुढे घरच्यांनी मोडता घातला, तर तो वचनभंग; वाईटच, पण फसवणूक नव्हे. देतानाच ते पाळायचं नव्हतं, आणि मुलगी त्या वचनावर विसंबूनच तयार झाली, तर ती फसवून घेतलेली संमती. तिथे गुन्हा होतो. कुणाचं मन उघडून बघता येत नाही, म्हणून कोर्ट तारखा बघतं, वागणं बघतं.

आता मी विचारतो. लग्न न ठरलेल्या मुलीला खण-नारळ कशाला दिलास? ओटी भरलीस का? आणि देविकाचं स्थळ मी पत्राने कळवलं ते तुला संक्रांतीच्या आधी मिळालं की नंतर?

तुझी मामी म्हणते, लेकराला असलं काय विचारून राहिलात, तिला भाऊ एकच हाय. मी विचारून बसलो आहे. उत्तर आलं नाही तरी माया तेवढीच.

तुझा,
माधवमामा


नांदेड, १७ ऑगस्ट २०२६

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र गेल्या वर्षी ३ जानेवारीला आलं होतं. सर्वेशने ते माझ्यासमोर वाचलं आणि देविकाला होकार कळवायला सांगितला. चार दिवसांनी म्हणाला की पुनम हट्टाला पेटली आहे, घरच्यांनी मानल्याशिवाय जवळ येऊ देणार नाही म्हणते. तू एकदा तिची ओटी भर, म्हणजे गप्प बसेल, पुढचं मी मिटवतो. मी रागावले. मग तयार झाले. त्या रागाला आणि तयार होण्याला मिळून तासही लागला नाही.

आपल्याकडे कुमारिकेची ओटी नवऱ्याकडची बाई कधी भरते, हे मला आणि पुनमला सारखंच ठाऊक होतं. ती आईला, गुणाबाईंना, घेऊन मुखेडहून आली. मी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, गव्हाने ओटी भरली, वर नारळ, खण, साडी. गुणाबाई म्हणाल्या, लेकराची ओटी भरली, आता मी सुटले बघा ताई. मी हसले. आठ दिवसांनी सर्वेश तिला निलंग्याला मित्राच्या रिकाम्या घरी घेऊन गेला. मे महिन्यात त्याच्या लग्नाचे फोटो तिने कुणाच्या तरी स्टेटसवर पाहिले.

मी रोज डायरी लिहिते, तुम्ही त्यावरून चिडवता. काल त्या संक्रांतीचं पान काढलं. तिळाच्या वड्यांचा भुगा झाला, असं लिहिलंय. ओटीचं एक अक्षर नाही.

हे वाचूनही मला मालू म्हणाल, एवढी आशा ठेवते.

मालविका


लातूर, २१ ऑगस्ट २०२६

मालू,
आशीर्वाद.

माझंही ऐक. त्या लग्नाच्या महिनाभर आधी मुखेडचे शंकरप्पा मला लातूरच्या स्टँडवर भेटले. म्हणाले, राव, तुमच्या भाच्याचं एका पोरीशी ठरलंय म्हणतेत, ओटीबी भरली म्हणं, खरं हाय का? मी कानावर हात नेला आणि यंत्र घरी राहिलंय म्हणालो. ते कानातच होतं, टोपीखाली. स्थळ मी आणलेलं. मोडलं असतं तर चारचौघांत माझं नाव गेलं असतं. देविका आता माहेरी येऊन बसली आहे. परवा तिच्या घरावरून गेलो, आत गेलो नाही.

काय सांगायचं ते मी सांगणार नाही. फक्त विचारलेलं ऐकू आलं नाही, असं करू नकोस.

तुझा,
मामा


नांदेड, २७ ऑगस्ट २०२६

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

काल साक्ष झाली. तुमचं पत्र, सर्वेशचा होकार, त्याने मला काय सांगितलं, ओटी, सगळं क्रमाने सांगितलं. पोलिसांना अर्धंच सांगितलं होतं, हेही.

मग सुदर्शन वकील उलटतपासणीला उठले. पुनमने पुरावा म्हणून जमा केलेली साडी त्यांनी माझ्यापुढे उलगडली. विचारलं, ही देण्या-घेण्यातलीच ना? मी हो म्हटलं. मग म्हणाले, होणाऱ्या भावजयीला कुणी असली साडी नेसवतं का? त्यांना वाटलं मी अडकले. मी म्हटलं, नाही नेसवत. ती भावजय होणार नाही हे मला माहीत होतं, म्हणून कपाटातून ही काढली. चांगली मागे ठेवली, ती पुढे देविकाला दिली. वकील खाली बसले. न्यायाधीशांनी उत्तर जसंच्या तसं लिहायला सांगितलं. टाइप होईपर्यंत मी तशीच उभी. सर्वेश खाली बघत होता. निकाल काय लागेल, माहीत नाही.

साक्ष बंद दाराआड झाली. गुणाबाई बाहेर बाकावर होत्या. त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून मी शेजारी बसून साडीचं सांगितलं. वाटलं, थुंकतील तोंडावर. त्या पदराचं टोक चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, साडी हलकी हाय हे मला तवाच दिसलं होतं ताई. एस्टीत पुनम नाक मुरडायली, तर मीच तिला दाबलं. म्हणलं, नणंदेचं घर बांधायचं चालू हाय, हात आखडला असंल, सासरच्या पहिल्या साडीला नाव ठिवू न्हाई.

मामींना नमस्कार. लोभाचं वाक्य आज तुम्हीच घालून घ्या.

मालविका