पित्ताशय सापडेना

टोन्डर, रविवार दुपार

प्रिय एस्किल,

आईच्या अंत्यविधीपासून तू माझ्याशी, सख्ख्या बहिणीशी, बोललेला नाहीस. चौदा महिने झाले. फोन तू उचलणार नाहीस, म्हणून कागद घेतला. बावीस तारखेच्या आत हे तुझ्या हातात पडायला हवं. फाडू नकोस, आधी वाच. गंमतच आहे.

वजन उतरावं म्हणून मी ऑपरेशन करून पोट लहान करून घेतलं. हो, मीच! तीन आठवडे झाले. कुणाला पत्ता लागू दिला नाही. आता चार चमचे सूप प्यायलं की पोट भरतं.

ऑपरेशनआधी सोनोग्राफी करा म्हणाले, सगळ्यांचीच करतात. मी वैतागले. वजन उतरवायला आलेय, फोटो काढायला नाही, असं तोंडावर सांगितलं. मशीनवर सिग्ने नावाची पोरगी होती. तिनं गार जेल फासलं आणि उजव्या बरगडीखाली शोधत बसली. फिरवते, थांबते, पुन्हा फिरवते. मग म्हणाली, "पित्ताशय कधी काढलं तुम्ही?" म्हटलं, "काढलं कुठे? असेल तिथेच, नीट बघ." "नाहीये ना पण!" अरे, तीस वर्षं शाळेत पोरांच्या हरवलेल्या टोप्या शोधून दिल्या मी, आणि माझंच पित्ताशय सापडेना! शेवटी तिनं हात डावीकडे नेला आणि "अगं बाई!" म्हणाली. तिथे होतं, खड्यांनी गच्च भरलेलं. यकृतही तिकडेच. जठर उजवीकडे, हृदयसुद्धा उजवीकडे. आतला सगळा संसार जन्मापासून आरशात दिसावा तसा मांडलेला, आणि चोपन्न वर्षांत कुणालाच कळलं नाही.

मला भीती वाटायच्या आधी प्रश्नच पडत गेले. सर्जनबाईंना विचारून विचारून भंडावलं. अशी माणसं धडधाकट जगतात म्हणे. पण दुर्बीण पोटात घातल्यावर हे कळलं असतं तर पंचाईत होती. आधी कळलं, म्हणून त्यांनी उभं राहायची बाजूही बदलली, आणि खडेवालं पित्ताशयही त्याच वेळी काढलं. सिग्नेला विचारलं, किती जणांचं असं काही निघतं गं? म्हणाली, "बहुतेकांचं काहीच नाही." मग कशाला करता? तर म्हणते, "कुणाचं निघेल ते बाहेरून दिसत नाही ना."

मी वर्षानुवर्षं डावीकडे दुखतं म्हणायचे, आणि आपले डॉक्टर गॅस म्हणून सोडून द्यायचे. वर हसायचे, आपल्याकडच्या रिवाजाप्रमाणे कॉफीबरोबर सात मऊ आणि सात कडक केक खाल्ल्यावर आणखी काय होणार! ते दुखणं खड्यांचं होतं हे कळलं, तेव्हा मला तू आठवलास. साय घातलेला केक खाल्लास की डाव्या बरगडीखाली हात दाबून खिडकीशी जायचास.

आईच्या अंत्यविधीनंतर सगळे कॉफीला बसलो, त्या दिवशीही तसाच गेलास. परत येऊन बशी उचललीस आणि मी सगळ्यांदेखत म्हणाले, "एस्किल, पाद्रीसाहेबांना एक तुकडा ठेव हो!" सगळे हसले. तू कोट उचलून निघून गेलास. खरं सांगू? लोकांनी माझ्या बशीकडे बघू नये, म्हणून मी तुला पुढे केलं. माझ्या बशीत तुझ्यापेक्षा दोन तुकडे जास्त होते.

बिर्टेनं मला सांगितलं, तिच्यावर चिडू नकोस. नवऱ्याची काळजी वाटली म्हणून बोलली बिचारी. बावीसला तू परदेशात जाऊन हेच ऑपरेशन करून घेणार आहेस. सकाळी पोचायचं, दुपारी टेबलावर, मध्ये तपासणी काही नाही. मला कळू नये म्हणून इतक्या लांब निघालास ना? ऑपरेशन करून घेऊ नकोस असं मी कुठल्या तोंडानं म्हणू! पण सख्ख्या भावंडांतही हे असू शकतं, असं सर्जनबाई म्हणाल्या. आधी फोटो काढ, मग खुशाल जा. आज उताणा पड आणि छातीच्या उजव्या बाजूला हात ठेव. तिथे धडधडलं तर लगेच फोन कर. डावीकडे धडधडलं तरी फोटो काढच, आणि तरीही फोन कर. माझं चुकलं रे.

तुझीच,
बोडिल