कोनाड्यातल्या दोन पुरचुंड्या

चि. सिद्धू,

काल तू फोनवर हसत म्हणालास, "अक्का, चुकीचा दगड पाठवलास. कापून बघितला, यात काहीच नाही." खरं काय ते इथं लिहितेय, पण हे पत्र मी टाकणार नाही.

आफ्रिकेहून आणलेला तुझा दगड अप्पांनी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ओसरीच्या कोनाड्यात ठेवला होता. तीनशे कोटी वर्षांच्याही आधी आभाळातून डोंगराएवढा धोंडा पडला, खडकाची वाफ झाली आणि थेंब होऊन खाली पडली, त्या थेंबांचे मणी यात आहेत, असं तू सांगितलं होतंस. येईल त्याला अप्पा ते दाखवायचे. "एवढ्या आगीतनं उरलंय बघा," म्हणायचे.

अप्पा गेले तेव्हा तुला येता आलं नाही. मुलाच्या, म्हणजे तुझ्या जागी बाळाप्पाकाकांनी अग्नी दिला. दहा दिवस अप्पा समजून ज्याला पाणी द्यायचं तो जीवखडाही त्यांनी तसल्याच फडक्यात बांधून त्याच कोनाड्यात ठेवला. दहाव्याला घाईत मीच त्यांच्या हातात पुरचुंडी दिली. त्यांनी ती केलगेरीच्या तळ्यात सोडली. तू दगड मागितलास तेव्हा उरलेली तुला पाठवली. अप्पांच्या धोतराची गाठ माझ्याच्यानं सोडवली नाही.

तुझा दगड तळ्यात आहे. अप्पांना शेवटचं पाणीसुद्धा देता आलं नाही म्हणून तू रडला होतास ना? अजून दे रे. तुझ्या टेबलावर ज्याचे काप पडलेत, ते अप्पा आहेत.

तुझी,
सविताक्का